भीमेतील प्लवक: ऋतू मोजावा की वाहते पाणी?

भीमाकाठ:
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सोलापूर जिल्ह्यातील औज बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला भीमेतून प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती आणि प्राण्यांचे) नमुने घेत आहे आणि पावसाळा, हिवाळा व उन्हाळा अशी सरळ विभागणी ठरवली आहे. ऑगस्टमध्ये जाळीत गाळाशिवाय फारसे काही आले नाही, जानेवारीत डायटम (सिलिकेचे कवच असलेले सूक्ष्म शैवाल) भरपूर मिळाले आणि एप्रिलमध्ये पाणी हिरवेगार होऊन मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाचे पुंजके दिसू लागले. इथपर्यंत सारे पुस्तकाप्रमाणे होते. मात्र एप्रिलच्याच अखेरीस घेतलेल्या नमुन्यात डॅफ्निया आणि कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी प्राणी जवळजवळ नाहीसे झालेले होते आणि त्यांच्याहून लहान असे थोडे रोटिफर तेवढे उरले होते. मधल्या काळात पाऊस झाला नाही, तापमानही उतरले नाही. मग हा बदल कोणत्या ऋतूच्या खात्यावर लिहावा?

निवृत्त अध्यापक, वनस्पतिशास्त्र:
मधल्या दिवसांत उजनीतून सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडले होते का, हे आधी पाहावे. उजनीच्या खालची भीमा आकाशाकडे पाहून वाहत नाही, ती धरणाच्या दरवाज्यांकडे पाहून वाहते. पावसाळ्यातील पूरही बहुतांशी सह्याद्रीतील पावसाचा असतो, त्यामुळे आपल्याकडे ऊन पडलेले असतानाही नदी गढूळ आणि भरलेली असू शकते.

प्लवकांच्या दृष्टीने खरा प्रश्न असा की, पाणी एका जागी किती दिवस टिकते. उबदार पाण्यात रोटिफरची संख्या दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकते, डॅफ्नियाला अंड्यापासून पिले देण्याइतके वाढायला आठवडाभर लागतो आणि कोपेपॉडला त्याहूनही जास्त. बंधाऱ्यात पाणी तुंबलेले असते तेव्हा सर्वांनाच सवड मिळते. पाणी वाहू लागले की ज्यांची वाढ वाहून जाण्याच्या वेगाला पुरी पडते तेवढेच टिकतात. तुमच्या नमुन्यात रोटिफर उरले याचे मला हेच कारण दिसते.

ऑगस्टच्या नमुन्याबाबत एक सांगतो. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही, म्हणून मुक्तपणे तरंगणारे शैवाल कमी होते. पण नॅव्हिक्युला, निट्झ्शियासारखे डायटम तेव्हाही मिळतात. ते बहुधा दगडांवरून आणि तळाच्या गाळावरून खरवडून आलेले असतात. त्यांना प्लवकांत मोजून पावसाळ्यात डायटम वाढले असा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी तपासले आहेत, आणि ते वाचताना वाईट वाटते.

जलाशयाकाठचा:
सरांचे म्हणणे योग्य आहे, पण माझ्या मते ते अपुरे आहे. आमचा मासेमारीचा व्यवसाय उजनीच्या फुगवट्यावर आहे. सोडलेले पाणी कोरे नसते. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या या जलाशयात मुळा-मुठेतून पुण्याकडचे सांडपाणीही येते, त्यातील नत्र आणि स्फुरदावर येथे शैवाल पोसले जाते आणि तेच पुढे नदीत उतरते. म्हणून औजजवळ जे सापडते त्यातील किती तिथले आणि किती आमच्याकडचे, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा पडला की हिरवी साय एका काठाला जमते आणि पहाटे त्या भागात मासे श्वासासाठी वर येतात, कारण रात्री शैवालाचा श्वसनव्यवहार पाण्यातील प्राणवायू संपवत असतो. दुपारच्या मोजणीत हेच पाणी प्राणवायूने भरलेले दिसेल. कृपया नमुन्याची वेळ लिहीत चला.

जलशुद्धीकरण प्रयोगशाळा:
पिण्याच्या पाण्याच्या बाजूने थोडे लिहितो. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. नमुना काचेच्या बरणीत अर्धा तास स्थिर ठेवला तर गाळ तळाशी बसतो आणि हिरवे कण वर येऊन कडेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाआधीच निम्मी ओळख पटते. काही प्रकार मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्या मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळे होते. त्यामुळे ते हिरवे पाणी खाली केव्हा पोहोचते याची नोंद कोणी ठेवत असेल, तर ती आमच्या कामाची आहे.

भीमाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. पाणी सोडल्याच्या तारखा मिळवल्या. शेवटच्या नमुन्याआधी खरोखरच नदीत पाणी आले होते. आता तीन ऋतूंची विभागणी सोडून द्यावी का?

निवृत्त अध्यापक, वनस्पतिशास्त्र:
सोडू नये. दिवसाची लांबी आणि पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणेच बदलते, आणि जानेवारीतील डायटमना त्या थंड, नितळ पाण्याचा निश्चित फायदा झालेला आहे. प्रत्येक नमुन्यापुढे महिना तर लिहावाच, शिवाय पाणी वाहते होते की तुंबलेले आणि तुंबलेले असल्यास किती दिवसांपासून, हेही लिहावे. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची सेकी तबकडी (पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते हे पाहण्याची) न्यावी. जलाशयाकाठच्या मित्रांनी मांडलेला प्रश्न सोडवायचा असेल, तर पाणी सुटेल त्या दिवशी एक नमुना धरणाच्या पायथ्याशी घ्यावा आणि तेच पाणी औजला पोहोचल्यावर दुसरा. नमुना जागेवरच लुगॉलच्या आयोडीनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) घालावा, पण थोडे पाणी जिवंतही ठेवावे, कारण काही रोटिफर या द्रावणात आकसून ओळखू येत नाहीत.