मेकॅनिकल: एमएस की थेट पीएचडी? आणि एसओपीत लिहायचं काय?

शेवटचं_सेमिस्टर: नमस्कार. अमेरिकेत हीट ट्रान्सफरमध्ये पुढे शिकायचंय. प्रोजेक्ट पिन-फिन हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा, खुंट्या असलेला धातूचा भाग) आहे: अन्सिस सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन, सोबत छोटी टेस्ट रिग, म्हणजे चाचणीची मांडणी. पेपर नाही. एमएसला अर्ज करू की थेट पीएचडीला? जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागतेच का? आणि एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन, "लहानपणापासून यंत्रांची आवड" याच्या पुढे सरकत नाही.

नुसेल्ट: मी पीएचडी करतोय, विषय बॉयलिंग. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. तिथे बहुधा असिस्टंटशिप मिळते, म्हणजे फी माफ आणि वर स्टायपेंड. एमएसचा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच उचलावा लागतो. तरी निव्वळ पैशासाठी पीएचडीकडे वळू नकोस. एकाच प्रश्नाशी पाच-एक वर्षं झुंजायची तयारी हवी.

एसओपीतली ती आवडीची ओळ काढून टाक आणि हीट सिंकबद्दल लिही. मेश (सिम्युलेशनमधली गणिताची जाळी) बारीक केल्यावर बेसचं, म्हणजे तळाचं, तापमान किती हललं? टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचं गणित) कुठलं घेतलंस, आणि तेच का? थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आणि सिम्युलेशनचे आकडे जुळले का? माझ्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच होता.

शेवटचं_सेमिस्टर: नाही जुळले. रिगवर हीटर आठ अंशांनी जास्त तापतो. हे लिहिलं तर वाईट दिसणार नाही का?

नुसेल्ट: अरे, हेच तर लिहायचंय! हीटर आणि बेसच्या मधला कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (सांध्यात उष्णतेला होणारा अडथळा) मॉडेलमध्ये घेतलायस का? नसेल तर आधी तिथे बघ. थर्मल पेस्ट बदलून पुन्हा रीडिंग घे, हीटरची पॉवर तेवढीच ठेव. फरक कमी झाला तर कारण हाती लागलं, नाही झाला तर फ्लो रेट तपास. हा शोध दोन परिच्छेदांत मांडलास की वाचणाऱ्या प्रोफेसरला कळतं, हा पोरगा लॅबमध्ये कसा विचार करेल. पेपर नसल्याची काळजी मग सोड.

फिलेट_वेल्ड: जीआरई बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे, काही ठिकाणी स्कोअर बघतही नाहीत. प्रत्येक विभागाचं पान उघडून खात्री कर. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते आणि स्कोअर 5 वर्षं चालतो.

शिफारसपत्रं मात्र आत्ताच माग. ज्या सरांनी ती रिग प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांचं पत्र विभागप्रमुखांच्या गुळगुळीत पत्रापेक्षा वजनदार ठरतं. पुष्कळ पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरातच संपते, त्यामुळे सरांना महिनाभर तरी आधी सांग आणि सोबत तुझे रिगचे ग्राफ दे.