जुनी एटीएम कार्डं नष्ट करायची आहेत, मदत हवी आहे (इंदूर)

नमस्कार. घरात मुदत संपलेली चार डेबिट कार्डं, वापर सोडलेलं एक क्रेडिट कार्ड आणि एक धातूचं कार्ड साठलं आहे. मधोमध कापून कचरागाडीत टाकलं तर पुरे का? आपल्या गाडीत सहा खाने. कुठल्या खान्यात टाकायचं? चुंबक फिरवून मागची काळी चुंबकीय पट्टी कोरी होते का?

प्रतिसाद १

मधोमध कापू नका, ताई. चिप डावीकडे असते, ती शाबूत राहते आणि दोन तुकडे जुळवले की १६ आकडी नंबर वाचता येतो. मुदत संपली तरी धोका उरतो, कारण नव्या कार्डावर पुष्कळदा नंबर तोच असतो. तारीख आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा-आकडा) तेवढे बदलतात.

कार्डावर दिसणारा सोनेरी चौकोन म्हणजे नुसती संपर्कपट्टी. खरी चिप त्याच्या मागे, मधोमध, काही मिलिमीटरची. म्हणून काप चौकोनाच्या मधूनच आडवा-उभा द्या. मग नंबर दोन-दोन आकड्यांत तोडा, सीव्हीव्हीचे तीन आकडे वेगळे करा, काळी पट्टी आडवी चार-पाच ठिकाणी कापा. नव्या कार्डांवर नंबर मागे छापलेला असतो, दोन्ही बाजू बघून घ्या. साधी कात्री घसरते. पत्रा कापायची घ्या आणि पिशवीत हात घालून कापा, तुकडे डोळ्यात उडतात.

प्रतिसाद २

चुंबकाचा नाद सोडा. बँक कार्डाची पट्टी सहसा फ्रिजच्या चुंबकाला दाद देत नाही, आणि दिली तरी चिप व छापील नंबर तसेच राहतात. जाळू तर मुळीच नका, कार्डाच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो.

कागद कापायचं यंत्र असेल तर कार्ड लांब बाजूने आत सोडा. अरुंद बाजूने सोडलं की पट्ट्या नंबराच्या दिशेने निघतात आणि अख्खा नंबर एका पट्टीवर शाबूत मिळतो.

प्रतिसाद ३

कापण्याआधी क्रेडिट कार्ड बंद करून घ्या, हे फार महत्त्वाचं. कापल्याने खातं बंद होत नाही, वार्षिक शुल्क लागत राहतं. थकबाकी शून्य करून अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. बंद झाल्याचा संदेश हाती आल्यावरच कात्री लावा. त्यावर चालू असलेली आपोआप भरली जाणारी बिलं आधी दुसरीकडे वळवा.

धातूचं कार्ड घरी कापू नका. कात्री आणि यंत्र दोन्ही बिघडतात. बँकेला विचारून परत करा.

प्रतिसाद ४

खान्यांचं: चिपचे तुकडे ई-कचऱ्यात, बाकीचं प्लास्टिकच्या खान्यात. पण एकाच दिवशी सगळे देऊ नका. सुका कचरा पुढे हातानेही निवडला जातो. निम्मे तुकडे आज, निम्मे पुढच्या आठवड्यात द्या.