प्रतिसाद: शेवळं आणि घशाची खाज

वर कोणीतरी लिहिलंय की शेवळं ही रानभाजी आणून हौसेने केली, पण घसा इतका खवखवला की परत नाव काढणार नाही. प्लीज असं करू नका हो, एवढी चवीची भाजी वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळते! खाजरेपणा अळूसारखाच असतो, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून भाजीत काहीतरी आंबट घालावंच लागतं. पण नुसत्या चिंचेवर भागवण्यापेक्षा काकडं घ्या (काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची छोटी हिरवी आंबट फळं). विकणाऱ्या बायका शेवळांच्या जुड्यांसोबत त्यांचा वाटा ठेवतातच, आपणच बघत नाही. ती ठेचून, बिया काढून रस भाजीत घालायचा.

आणि साफ करताना आतल्या दांड्याचा पिवळा भाग न चुकता काढून टाकायचा, हाताला आधी तेल चोळायचं, चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतायची, घाई केली की खाज राहते. आमच्याकडे सोडे (सुकवलेली कोलंबी) नाहीतर ताजी कोलंबी घालतात, सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांमधे खिम्यातही घालतात आणि ते खरंच अफाट लागतं. मी दरवर्षी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी सकाळी लवकर ठाणे स्टेशनजवळच्या मार्केटात जाते, पाऊस एकदा जोरात लागला की शेवळं संपतात, त्यामुळे जुलैत जाऊ म्हणणाऱ्यांनी प्लॅन बदला, तेव्हा टाकळा, कुर्डू या दुसऱ्या रानभाज्या मिळतील.