लर्निंग लायसन्स आणि गाडीचा विमा

मुलीला अठरा पूर्ण झाली, लर्निंग हातात आलं, आता पॉलिसीत तिचं नाव घालायचं का, हा तुमचा प्रश्न. वर कोणीतरी "शिकाऊने ठोकली की क्लेम गेलाच" असं ठोकून दिलंय, ते खरं नाही.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. इंग्लंड-अमेरिकेत घरातल्या पोराचं नाव चढलं की हप्ता उड्या मारतो. इथे खासगी गाडीला ती भानगड नाही. पॉलिसीतला 'ड्रायव्हर्स क्लॉज', म्हणजे गाडी कोणी चालवलेली चालते ते सांगणारं कलम, मात्र वाचा (चार ओळी असतात, तरी कोणी वाचत नाही). लर्निंगवाला चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळून. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, वेळ आली तर गाडी थांबवता येईल असा बसलेला, आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. एकटीच कोपऱ्यावरून दूध आणायला गेली आणि खांबाला घासली, तर क्लेमची पंचाईत होणार.

नुसत्या थर्ड पार्टीवर (फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर) भागवू नका, निदान या वर्षी तरी. बंपरच्या ओरखड्यांसाठी क्लेम टाकून एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवण्यापेक्षा ती सूट राखणारं 'एनसीबी प्रोटेक्ट' हे जादा कव्हर घ्या. सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो, तिला लागू नाही. तिचा वेगळा काढा.

आणि धाकट्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांना "सोसायटीबाहेर एक चक्कर" अजिबात नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, वर गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.