मदत हवी आहे: कुत्रा स्विमिंग पूलच्या कव्हरवर चढतोय

चाफेकळी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. मागच्या अंगणात पूल आहे, त्यावर कव्हर आहे. आमचा गब्बू आठवड्याभरापासून त्यावर पाय टाकायला लागलाय. ओरडून झालं, पाइपने पाणी मारून झालं, ढिम्म फरक नाही. कव्हर फाटेल अशी भीती वाटते. त्याने लांब राहावं म्हणून एखादा वासाचा स्प्रे मिळतो का? जुने धागे वाचायला सांगू नका, वाचलेत.

पाणकावळा
कव्हर कुठलं? तरंगणारं, चारी बाजूंनी ताणून बांधलेलं, की बटणावर सरकणारं? गब्बू केवढा आहे? किलोत सांगा.

चाफेकळी
मोठा आहे. कव्हर साधंच, निळं. स्प्रेचं सांगा ना कोणीतरी.

निवांत_नाना
तीन कुत्री आणि एक पूल सांभाळतोय, अनुभवाने सांगतो. कुंपण घाला, विषय संपला. चार फुटांचं, फाटक आपोआप मिटणारं आणि कडी आपोआप लागणारी. कव्हरबिव्हर पाला पडू नये म्हणून असतं.

पाणकावळा
नाना, सरसकट नको. सेफ्टी कव्हर ही वेगळी चीज आहे. एएसटीएम एफ१३४६ या अमेरिकन मानकाप्रमाणे आठ फुटांहून रुंद पूलवरच्या कव्हरने ४८५ पौंड, म्हणजे २२० किलो पेलायला हवेत. दोन मोठी माणसं आणि एक मूल, असा तो हिशोब. पण 'साधं निळं' वाचून माझ्या पोटात गोळा आलाय. चाफेकळी, कव्हरला खालून फुगे आहेत का, काचसामान गुंडाळून येतं त्या प्लॅस्टिकसारखे?

चाफेकळी
हो, फुगेवालं. पाणी कोमट राहतं त्याने. पण तो बुडायचा प्रश्नच नाही, लॅब्रॅडॉर आहे, मस्त पोहतो. मी फाटण्याबद्दल विचारलं होतं.

बोकोबा
फाटण्यावरून आठवलं. आमच्या स्पाच्या, म्हणजे गरम पाण्याच्या टबाच्या झाकणावर बोका झोपतो, खालून ऊब येते ना. नखांनी वरचं रेक्झिन भोसकलं, आत फोम असतो त्यात पाणी मुरलं आणि झाकण इतकं जड झालं की दोघांना उचलेना. मधोमध पोक आलंय, पाऊस पडला की तिथे तळं. जुनी सतरंजी टाकून बघितली, तो सतरंजीखाली झोपायला लागला.

पाणकावळा
बोकोबा, पोक आलेलं झाकण बदला, ते कधीतरी मधे मोडेल. आणि पट्ट्यांची कुलपं रोज लावा. स्पाचं पाणी ४० अंशांपर्यंत तापवलेलं असतं. पडला तर बुडण्याआधी उष्णतेनेच गळून जाईल.

चाफेकळी, फाटण्याचं सोडा हो! ते कव्हर तरंगतं, वजन पेलत नाही. कुत्र्याने पाय टाकला की कड खाली जाते, तो घसरतो आणि कव्हर त्याच्यावर परत पसरतं. पोहता येऊन काय उपयोग? वर येतो तिथे डोक्याला प्लॅस्टिक लागतं आणि काठ कुठे ते कळत नाही. आमची कुत्री अशीच गेली होती आत. मी दहा पावलांवर नळ दुरुस्त करत होतो. भुंकणं नाही, धप्प आवाज नाही. सहज मान वळवली तर निळ्या कव्हरखालून एक उंचवटा सरकत होता, पायऱ्यांच्या उलट दिशेला. वाचली, पण त्या दिवसापासून ते कव्हर परत पाण्यावर टाकलं नाही.

ओलीपावलं
वाचली तरी डॉक्टरकडे नेली होती ना? फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर कुत्रं शेपटी हलवत फिरत असतं.

निवांत_नाना
म्हणूनच म्हणतो, कुंपण.

ओलीपावलं
नाना, तुमचं फाटक पाहुण्यांनी दगड लावून उघडं ठेवलं की त्या कुंपणाचं काय करायचं? दोन्ही हवं. आणि घट्ट ताडपत्रीवर साचलेल्या पावसाचं कोणी बोलतच नाही. चार बोटं पाण्यातही पिल्लू बुडतं. त्यापेक्षा जाळीचं सेफ्टी कव्हर बरं, पाणी खाली झिरपतं. चाफेकळी, गब्बूचं वय?

चाफेकळी
तेरा. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण घरात कशाला धडकत नाही.

ओलीपावलं
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! घराचा नकाशा त्याला पाठ आहे. अंगणातली निळी जमीन त्याच्यासाठी जमीनच.

टिचकी
पूलचं पाणी कुत्र्याने प्यायलं तर चालतं का? आमच्याकडे मिठाचा पूल आहे.

पाणकावळा
समुद्राच्या मानाने मीठ फारच कमी असतं त्यात, चार घोटांनी काही होत नाही. पण रोजची सवय नको, शेजारी साध्या पाण्याचं भांडं ठेवा. क्लोरीनच्या गोळ्या मात्र उंचावर, बंद डब्यात. प्रश्न असेल तर वेगळा धागा काढा.

चाफेकळी, विश्वास बसत नसेल तर बादलीत विटा भरा, दोरी बांधा आणि कव्हरच्या कडेला ठेवून बघा.

चाफेकळी
आत्ताच करून आले. नवरा हसत होता. बादली ठेवली, कड वाकली, बादली गेली. कव्हर परत सपाट झालं. नुसती दोरी कडेवरून आत गेलेली दिसत होती. आता हसत नाहीये तो.

कव्हर गुंडाळून ठेवलंय. मागचं दार बंद. गब्बू दाराशी बसून कुरकुरतोय. कुंपण होईपर्यंत काय करू ते सांगा.

ओलीपावलं
पट्ट्याशिवाय अंगणात सोडू नका. हाताशी धरायची मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला. आणि रोज पाण्यात उतरवून पायऱ्यांवरून बाहेर काढा, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने. पायऱ्यांपाशी एखादी उंच, ठळक रंगाची कुंडी ठेवा, एका डोळ्यालाही दिसेल अशी. काठाला लावायचा रॅम्पही मिळतो, पण तो वापरायला शिकवावा लागतो. नुसता लावून उपयोग नाही.

निवांत_नाना
फाटकाची कडी आतल्या बाजूला घ्या. आमच्या धाकट्या कुत्रीने बाहेरची नाकाने उघडली होती.

ओलीपावलं
बघा, शेवटी कुंपणातूनही आत गेलीच ना!

बोकोबा
आमचा बोका आता डब्यात झोपतोय, ज्यात नवीन झाकण आलं.