मदत हवी आहे: दुसरं नेटवर्क कार्ड लावलं की पहिलंही बंद पडतं

घाईत_आहे
जुन्या डेस्कटॉपचा राउटर करायचा आहे. मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट मस्त चालत होतं. पीसीआय स्लॉटमध्ये दुसरं कार्ड बसवलं. कार्ड दिसतं, आयपी घेतं, दिवाही लागतो, पण पिंग जात नाही. वर पिंग सुरू केल्यावर काही सेकंदांत मदरबोर्डवरचं पोर्टही गळपटतं, इतकं रखडतं की बंद म्हटलं तरी चालेल. कार्ड काढलं की सगळं सुरळीत.

हेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये चालतं, केबलही बदलून झाली. त्यामुळे «कार्ड बदला, केबल बदला» नको. आजच संपवायचंय.

शेलशास्त्री
कुठली सिस्टिम ते सांगायचं राहिलंच. कार्डावर कुठली चिप? एरर काय येते? «दिसतं» म्हणजे कुठे दिसतं? एलएसपीसीआय -एनएनके चं (लावलेली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर) आणि डीमेसेजचं (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही) आउटपुट टाका, मग बोलू.

वायफळ_फाय
माझ्या लॅपटॉपवर सेम झालं होतं. डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाका, लगेच चालू होईल.

घाईत_आहे
@वायफळ_फाय पिंग थेट आयपीला करतोय. डीएनएस नावावरून पत्ता शोधतं, त्याचा संबंधच येत नाही.

@शेलशास्त्री लिनक्स आहे. एरर वगैरे काही येत नाही, नुसतं चालत नाही.

शेलशास्त्री
लिनक्स म्हणजे कुठलं? आणि डीमेसेज पाहिलं का? एरर पडद्यावर येऊन «मी आले» असं सांगत नाही.

जंपरवाले_आजोबा
हा सरळसरळ आयआरक्यूचा झगडा आहे. आयआरक्यू म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) मारायची क्रमांकाची ओळ. आमच्या काळात हे रोजचंच होतं. ३ आणि ४ सिरीयल पोर्टला, ५ साउंड कार्डला, ७ प्रिंटरला, १४ आणि १५ हार्डडिस्कला. एनई२००० जातीचं कार्ड घेतलं की ते पत्ता ०एक्स३०० आणि आयआरक्यू ३ वर बसून यायचं, आणि दुसऱ्या सिरीयल पोर्टशी भांडायचं. कार्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) हलवायचा, नाहीतर डॉसमधून त्याचा सेटअप प्रोग्रॅम चालवून नंबर बदलायचा.

उपाय सोपा आहे. स्लॉट बदला. बायोसमध्ये सिरीयल, प्रिंटर, साउंड, जे लागत नाही ते बंद करा. प्रत्येक कार्डाला स्वतःची आयआरक्यू मिळाली की भांडण मिटलं.

कर्नलताई
आजोबा, तुम्ही सांगताय ते आयसा, म्हणजे पीसीआयच्या आधीच्या कार्डांचं. तिथे इंटरप्ट एज-ट्रिगर, म्हणजे क्षणभराचा ठोका असायचा, एका ओळीवर दोघे बसले की एकाचा सिग्नल हरवायचा. पीसीआयमध्ये तो लेव्हल-ट्रिगर असतो. ज्याला काम आहे तो ओळ ओढून धरतो आणि काम होईपर्यंत सोडत नाही. एकाच ओळीवर चार उपकरणं बसली तरी चालावं, अशीच त्याची रचना आहे. नुसतं शेअरिंग दिसलं म्हणजे बिघाड सापडला असं नाही.

जंपरवाले_आजोबा
रचनेत असणं वेगळं आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ते पाळणं वेगळं. आलेला इंटरप्ट आपला नसेल तर «माझा नाही» म्हणायचं, एवढी साधी शिस्त. तीही न पाळणारे ड्रायव्हर मी भरपूर पाहिलेत.

कर्नलताई
ते मान्य. पण म्हणून आधी आकडे बघायचे की आधी स्क्रूड्रायव्हर उचलायचा?

बीएसडी_भक्त
फ्रीबीएसडी टाका. व्हीएमस्टॅट -आय लिहिलं की कुठल्या उपकरणाने किती इंटरप्ट दिले ते एका नजरेत दिसतं. आमच्याकडे जुन्या ईडी ड्रायव्हरला चुकीची आयआरक्यू दिली की तो सरळ «ईडी०: डिव्हाइस टाइमआउट» म्हणायचा. डिव्हाइस टाइमआउट म्हणजे पॅकेट गेलं पण इंटरप्ट आला नाही, इतका स्पष्ट अर्थ. राउटरच करायचाय तर पीएफ फायरवॉलसारखं दुसरं काही नाही.

घाईत_आहे
सिस्टिम बदलणार नाही. डेबियन १२ आहे. स्लॉट बदलून पाहिला, ढिम्म फरक नाही. हे घ्या:

मदरबोर्डवरची चिप १०ईसी:८१६८, ड्रायव्हर आर८१६९
नवीन कार्ड १०ईसी:८१३९, ड्रायव्हर ८१३९टू

डीमेसेजमध्ये हे दोन दिसले:
«आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड», खाली «डिसेबलिंग आयआरक्यू ११»
«नेटडेव्ह वॉचडॉग: ईटीएच१: ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट»

शेलशास्त्री
आणि म्हणे एरर येत नाही!

एकओळी
बूट ओळीत (मशीन सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) आयआरक्यूपोल टाका. त्या एररच्या ओळीतच कंसात लिहिलेलं असतं. झालं काम.

घाईत_आहे
@एकओळी वा! आयआरक्यूपोल टाकलं, दोन्ही पोर्ट चालू. वेग जरा कमी आहे, पिंगमध्ये मधूनच उडी येते, पण चालतंय. धागा बंद केला तरी चालेल.

कर्नलताई
धागा बंद करू नका, दुखणं तसंच आहे. आयआरक्यूपोलने काय होतं ते बघा. एखाद्या इंटरप्टला वाली मिळाला नाही की कर्नल इतर सगळ्या ओळींवरच्या ड्रायव्हरांना विचारत सुटतो, «तुझा आहे का?». शिवाय टायमरच्या प्रत्येक ठोक्यालाही तेच. राउटरवर लोड आला की प्रोसेसर याच चौकशीत गुंतेल.

«नोबडी केअर्ड» उगाच येत नाही. एका ओळीवर १,००,००० इंटरप्ट आले आणि त्यातल्या ९९,९०० हून जास्त वेळा «माझा नाही» असंच उत्तर मिळालं, तर कर्नल ती ओळ बंद करतो. तुमच्या ११ वर कोणीतरी सतत दार ठोठावतंय आणि आत बसलेले सगळे म्हणतात, आमचा पाहुणा नाही.

आयआरक्यूपोल काढा. पिंग चालू ठेवून /प्रॉक/इंटरप्ट्स (कुठल्या ओळीवर किती इंटरप्ट आले त्याची मोजणी) दोनदा कॅट करा, म्हणजे पडद्यावर दाखवा, मध्ये दोन-चार सेकंद सोडा, दोन्ही आउटपुट इथे द्या.

एकओळी
चालतंय ते चालू द्यायचं, ताई. सगळ्यांना कर्नल शिकवायची गरज नसते.

कर्नलताई
वेग कमी आहे असं धागाकर्तेच म्हणताहेत. हे कार्ड १०० मेगाबिटचं, एवढ्याशा गतीलाही मशीन दमत असेल तर ते चालणं नव्हे.

घाईत_आहे
बरं. महत्त्वाच्या ओळी देतो, सगळं टाइप करत बसणार नाही.

पहिल्यांदा:
१०: ० एक्सटी-पीआयसी ईटीएच१
११: ४१८२० एक्सटी-पीआयसी यूएचसीआय, ईटीएच०

दुसऱ्यांदा:
१०: ० एक्सटी-पीआयसी ईटीएच१
११: १००००० च्या आसपास, नंतर हललाच नाही

कर्नलताई
सापडलं. म्हणजे अर्धं तरी.

कर्नलला वाटतंय की तुमचं नवीन कार्ड १० वर आहे. १० चा आकडा शून्यावरच. प्रत्यक्षात कार्डाची तार ११ ला जोडलेली आहे. कार्ड ११ ओढून धरतं, ११ वर बसलेले यूएसबी (यूएचसीआय) आणि मदरबोर्डवरचं ईटीएच० म्हणतात आमचं नाही, आणि ज्याचं आहे तो ड्रायव्हर १० वर डोळे लावून बसलाय. मग कर्नल ११ बंद करतो आणि त्या ओळीवरचं निरपराध ईटीएच०ही सोबत जातं. त्यामुळे एक कार्ड लावल्यावर दोन मरतात. दोन कार्डांत भांडण असं नाहीच, नकाशा चुकलाय.

नकाशा का चुकला? रकान्यात एक्सटी-पीआयसी दिसतंय. या वयाच्या मशीनवर तिथे आयओ-एपीआयसी (इंटरप्ट वाटून देण्याची नवी पद्धत) हवं. एक्सटी-पीआयसी म्हणजे १९८० च्या दशकातल्या १६ ओळींवर कारभार चाललाय.

दोन प्रश्न. प्रोसेसर किती कोरचा? आणि आउटपुटच्या वर सीपीयू० एवढा एकच रकाना आहे की सीपीयू१ पण?

घाईत_आहे
प्रोसेसर दोन कोरचा आहे. रकाना एकच आहे, सीपीयू०. त्याचा इथे काय संबंध?

शेलशास्त्री
आता मलाही दिसायला लागलं. डेबियन १२ वर नावं ईटीएच०, ईटीएच१ अशी आपोआप येत नाहीत, ईएनपी काहीतरी येतात. म्हणजे बूट ओळीत कोणीतरी हात घातलाय. /प्रॉक/सीएमडीलाइन कॅट करा. आणि शटडाऊन केल्यावर मशीन स्वतःहून बंद होतं का?

घाईत_आहे
नाही, बटण दाबून धरावं लागतं. पण ते पहिल्यापासूनच तसं आहे, त्याचा नेटवर्कशी काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

सीएमडीलाइनमध्ये शेवटी: नेट.आयएफनेम्स=० एसीपीआय=ऑफ

मशीन ज्याच्याकडून आलं त्याने टाकलं असणार.

कर्नलताई
एसीपीआय=ऑफ. सगळी उत्तरं इथेच आहेत.

कुठल्या स्लॉटची तार कुठल्या ओळीला जाते, प्रोसेसर किती, पॉवर बंद कशी करायची, हे सगळं आजचे बोर्ड एसीपीआयच्या तक्त्यांतून सांगतात. ते बंद केलं की कर्नल बायोसमधला जुना पीआयआर तक्ता (तारा कुठे जातात त्याचा) वाचतो, आणि एसीपीआय आल्यापासून तो तक्ता कित्येक बोर्डांवर कोणी नीट भरतच नाही. दुसरा कोर दिसत नाही, पॉवर बंद होत नाही, इंटरप्ट भलतीकडे जातात, तिन्हीचं मूळ एकच.

काढून बघा. फाइलला हात लावू नका आत्ता. मशीन सुरू होताना ग्रब (बूट मेनू) दिसला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून एसीपीआय=ऑफ पुसा, कंट्रोल-एक्स. हे त्या एका बूटपुरतंच असतं, फसलं तर रीस्टार्ट केल्यावर होतं तसं.

जंपरवाले_आजोबा
तरी मी म्हणतो बायोसमधलं «पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड» पण नो करा. लिनक्सला ते नोच लागतं.

अवांतर: मला अजून ते निळे जंपर आठवतात. एक खाली पडला की सतरंजी झटकून शोधायचो.

घाईत_आहे
काढलं. मशीन उठलं, दोन कोर दिसताहेत. पण आता तर एकही पोर्ट चालत नाही!! आधी एक तरी चालत होतं. परत टाकतो एसीपीआय=ऑफ.

शेलशास्त्री
थांबा, थांबा. आयपी लिंक चालवा आणि मॅक पत्ते (प्रत्येक पोर्टचा स्वतःचा नंबर) बघा. नेट.आयएफनेम्स=० अजून आहे ना? मग ज्या ड्रायव्हरने आधी हात वर केला तो ईटीएच०. दोन कोर आल्यावर क्रम पलटला असेल. केबल त्याच, सेटिंग तीच, नावांची अदलाबदल.

कर्नलताई
+१. आणि /प्रॉक/इंटरप्ट्स परत.

घाईत_आहे
हो, नावं उलटी झालीत. केबल अदलाबदल केल्या, दोन्हीकडून पिंग जातंय.

इंटरप्ट्स: ८१३९ वालं आता १७ वर, आयओ-एपीआयसी, आकडा पळतोय. मदरबोर्डवरचं पीसीआय-एमएसआय दाखवतंय, ते एकटंच आहे त्या ओळीवर. नोबडी केअर्ड गायब.

बीएसडी_भक्त
एमएसआय आला म्हणजे प्रश्नच मिटला. त्यात तार ओढायची नसते, कार्ड मेमरीत एक लिखाण करतं आणि तोच इंटरप्ट. कोणाशी वाटून घ्यायचं नाही. फ्रीबीएसडीवर हे

एकओळी
राउटर लिनक्सवर चाललाय, भक्तसाहेब.

शेलशास्त्री
केबल अदलाबदल हा उपाय नव्हे, पुढच्या बूटला परत पलटेल. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधून नेट.आयएफनेम्स=० आणि एसीपीआय=ऑफ हे दोन्ही शब्द काढा, अपडेट-ग्रब चालवा. मग नावं ईएनपी२एस०, ईएनपी४एस१ अशी बस आणि स्लॉटवरून येतील. रीबूट करण्याआधीच /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस आणि फायरवॉलच्या नियमांमध्ये जुनी नावं बदला, नाहीतर बाहेरची बाजू आतली समजून सगळं उघडं टाकाल. राउटर आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. नवीन नावं काय येणार ते यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टिन नेट_आयडी ने आधीच कळतं.

वायफळ_फाय
माझ्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्डच दिसत नाही, मीही एसीपीआय=ऑफ टाकून पाहिलं होतं. तेच असेल का?

शेलशास्त्री
वेगळा धागा काढा. आणि ते आधी काढून टाका.

घाईत_आहे
ग्रब बदलला, नावं बदलली, रीबूट झालं, दोन्ही चालतात. रात्रभर फाइली कॉपी करत ठेवतो. काही झालं तर लिहीन, नाहीतर समजा चाललंय.

कर्नलताई
सकाळी डीमेसेज बघून «नोबडी केअर्ड» परत आलंय का तेवढं तपासा. मशीन अधूनमधून बूटला अडकलं तर परत एसीपीआय=ऑफ टाकू नका. आधीच्या मालकाला बहुधा ग्राफिक्सने छळलं असेल. बूट ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्सचा मोड कर्नलने बदलू नये अशी सूचना) वापरून पाहा, त्याने इंटरप्टला धक्का लागत नाही.

जंपरवाले_आजोबा
आणि स्लॉट?

कर्नलताई
असू द्या आहे तिथेच, आजोबा.