सुपरबॉईज, दशावतार आणि आपली बोली: नुकतंच काय पाहिलंत?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पंधरा दिवसांत दोन पिक्चर पाहिले आणि दोन्हींवरून घरात वाद झाला, म्हणून धागा काढतोय.

पहिला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरला लागला तेव्हा राहून गेला, आता प्राइमवर वडिलांसोबत पाहिला. दिग्दर्शन रीमा कागतीचं, लेखन वरुण ग्रोव्हरचं. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख मित्रांना गोळा करून ‘मालेगाव के शोले’ काढतो आणि पुढे त्याच गावात ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार होतो, ही खरी घडलेली गोष्ट. वडील म्हणाले, एक नंबर. मला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे मालेगाव धुऊन, इस्त्री करून समोर ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पुन्हा पाहिला. २००८ चा आहे. त्यात सुपरमॅन झालेल्या काटकुळ्या शफिकला हिरव्या कापडासमोर आडवा धरून उडवतात. कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. मध्येच सुपरमॅनचंच लग्न निघतं. यातलं काहीही कुणी लिहून काढलेलं नाही. नव्या पिक्चरमध्ये मैत्री तुटते, आजार येतो, मैत्री जुळते, आणि आपल्याला कधी रडायचं ते संगीत आधीच सांगून ठेवतं. आजाराचे प्रसंग तर मला सरळ ओढून आणलेले वाटले. ज्याला मालेगाव बघायचंय त्याने माहितीपट बघावा. तासाभराचाच आहे.

दुसरा पिक्चर ‘दशावतार’. जळगावला जाऊन पाहिला. प्रभावळकरांबद्दल मी नवीन काय सांगणार? पण मालवणी ऐकताना मनात एकच येत होतं, हे आपल्याकडे, खान्देशात, का होत नाही? त्यावरही बोला.

यंत्रमाग (मालेगाव)

दादा, माहितीपट चांगलाच आहे. पण तो पाहिला किती जणांनी? २०१२ मध्ये थिएटरला आला तोही मोठ्या शहरांत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर माग चालवला, त्यांनी तो कधीच पाहिला नाही. ‘सुपरबॉईज’ त्यांनी पाहिला. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात आणि पिक्चरचा दिवस तोच, हे पडद्यावर आलं तेव्हा सरसावून बसले आणि म्हणाले, हे कुणीतरी नीट विचारून केलंय.

मी पुण्याला शिकायला होतो. गाव मालेगाव म्हटलं की समोरचा आधी गप्प व्हायचा आणि मग २००६ आणि २००८ च्या स्फोटांबद्दल विचारायचा. दरवेळी. खोली भाड्याने घेतानाही तेच. परवा ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने विचारलं, ते सुपरमॅन बनवणारे तुमच्याच गावचे ना? माझ्या गावाबद्दल पहिला प्रश्न पिक्चरचा आला, असं पहिल्यांदा झालं. इस्त्री केलेलं म्हणा, धुतलेलं म्हणा, मला चालेल.

आणि आजार ओढून आणलेला? माझा काका तंबाखूने गेला. डॉक्टर तोंडात बोटं घालून बघायचे, आधी तीन जायची, मग दोन, मग एकच. काकूने पातळ खिचडी गाळून चमच्याच्या टोकाने भरवली, तीन महिने. खऱ्या शफिकलाही कॅन्सरच झाला होता. तुम्हाला जे संगीत जास्त वाटलं ते मला ऐकूही आलं नाही. शफिक झालेला शशांक अरोरा पलंगावर बसलेला दिसला आणि मी उठून बाहेर गेलो.

केळीबाग (रावेर)

पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात. खान्देशच्या गप्पांत ते कुठून आलं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आप्पा, १८६९ पर्यंत मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके खान्देशातच होते, मग इंग्रजांनी नाशिकला जोडले. कागद सोडा. जी गिरणा मालेगावातून येते तीच माझ्या तालुक्यातून पुढे भडगावला जाते.

@यंत्रमाग, भाऊ, काकांचं वाचून दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ओढून आणलेला हा शब्द मागे घेतो. माझ्या घरात हे कुणी भोगलेलं नाही, त्यामुळे मी फक्त संगीत ऐकत बसलो. पण पहिला मुद्दा सोडत नाही. माहितीपटात शफिक स्वतः आहे, त्याचं हसू त्याचं आहे. नटाने कितीही जीव ओतला तरी ते हसू परत येत नाही, आणि उद्या लोक नटालाच शफिक समजतील.

यंत्रमाग (मालेगाव)

समजू देत. नाव तरी समजेल.

पांझरेकाठ (धुळे)

मला ‘दशावतार’वर बोलायचंय, कारण त्यावरून आमच्या घरात आठ दिवस बोलणं चाललंय.

आजीला घेऊन गेले होते. वय ७८, थिएटरला चौथ्यांदा. मालवणी तिला अर्धीच कळत होती, पहिल्या वीस मिनिटांत तिने तीनदा विचारलं काय म्हणतोय म्हणून. नंतर विचारायची थांबली. प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग लावायला बसला की ही पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, “त्या मानूसनी भाषा माले समजनी नही, पन त्याना डोया समजनात.” आणि मग देवपूरचा पूल ओलांडताना, “आपली बोलीमा काबर नही काढतस असा पिच्चर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला, करमाळ्याकडची भाषा सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. कोकणाचं हे आता समोर आहे. अहिराणी लाखो घरांत बोलली जाते, आणि मोठ्या पडद्यावर आजीला दाखवावा असा एक पिक्चर मला आठवत नाही.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, आजीचं वाक्य छान, पण ‘आपली बोली’ म्हणजे नेमकी कुणाची? आमच्याकडे यावल, रावेर, भुसावळला लेवा बोली. नंदुरबारला सातपुड्यात गेलात तर भिली, पावरी. धुळ्याची अहिराणी म्हणजे सगळा खान्देश, असं गृहीत धरलं की आम्ही बाहेर. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली धुळ्याची नव्हे.

दुसरं असं की बोलीला मोठा पडदाच हवा, हा हट्ट कशाला? ‘झुमकावाली पोर’ यूट्यूबवरून सगळ्या महाराष्ट्राच्या वरातीत पोचलं. कोल्हापूरच्या लग्नात लोक अहिराणीवर नाचतात. मालेगाव-धुळ्याच्या पोरांचे विनोदी व्हिडिओ परप्रांतातले लोक बघतात. ना निर्माता लागला, ना मुंबई. नासिर शेखने केलं ते हेच. तेव्हा व्हिडिओ पार्लर होतं, आता मोबाईल आहे. लोकांपर्यंत पोचलेल्या गोष्टीला आपण कमी का लेखायचं?

पांझरेकाठ (धुळे)

लेवा बोलीबद्दल तुमचं बरोबर आहे दादा, मी घाईत लिहिलं. पिक्चर लेवा बोलीत निघाला तरी मी पहिल्या दिवशी जाईन, आजीलाही नेईन.

पण दुसरं मान्य नाही. ते गाणं माझ्या लग्नातही वाजलं आणि मी नाचले, म्हणून कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. मला खटकतं ते वेगळं. आपली बोली पडद्यावर येते ती वरातीत नाहीतर विनोदात. मोबाईलवर नवरा-बायकोची भांडणं, सासू-सुनेचे टोमणे, पडणं, आपटणं. मराठी सिनेमात खान्देशी माणूस आला की तो हॉटेलातला नाहीतर गावाकडून आलेला पाहुणा, आणि त्याने ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटलं की लोकांनी हसायचं. हे पाहत वाढलेल्या पोरांना काय वाटत असेल? माझी भाची नववीत आहे. घरात आजीशी अहिराणीत बोलते, मैत्रीण आली की आजीला खुणेने गप्प करते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझे आजोबा गेले तेव्हा आजी त्यांच्या उशाशी बसून जे बोलत होती ते सगळं अहिराणीत होतं. पन्नास वर्षांच्या संसाराचा हिशेब होता तो. कुठलं शेत कधी विकलं, कुणाच्या लग्नात कुणी रुसलं, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी काय रांधलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ज्या बोलीत हे बोलता येतं ती बोली पडद्यावर फक्त हसवायला का? मालवणीवरही वर्षानुवर्षं लोक हसलेच की. ‘दशावतार’मध्ये ती भाषा बोलणारा म्हातारा समोर उभा राहिला आणि कुणी हसलं नाही. मला एवढंच हवंय.

बोरीकाठ (अमळनेर)

मी शाळेत शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. २०२३ ची ‘श्यामची आई’ आम्ही मुलांना दाखवली, सुजय डहाकेंची. कृष्णधवल आहे. मला धाकधूक होती, ही मुलं रंगाशिवाय दहा मिनिटं तरी बसतील का? बसली. सातवीची दोन मुलं तर संपल्यावर उठेनात. श्यामचं घर कोकणातलं, बोलणं कोकणातलं, आमच्या मुलांचं त्याच्याशी काय नातं? तरी पोचलं. साने गुरुजी स्वतः १९२४ ते १९३० आमच्या गावच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांचं दुखलंखुपलं बघत होते. कोकणातला माणूस खान्देशातल्या मुलांचा झाला. मग बोलीवाचून अडतं कुठे? गोष्ट खरी असली की पोचते. तुमच्या आजींनाही डोळे समजलेच की.

माझी भीती अशी आहे की बोलीचा पिक्चर काढायचा म्हणून काढला तर गोष्ट मागे पडेल आणि ‘शे’, ‘नही’, ‘काबर’ मोजायला लोक बसतील.

पांझरेकाठ (धुळे)

बाई, आजीला डोळे समजले, पण प्रश्न तिने भाषेचाच विचारला. आणि गुरुजींच्या छात्रालयातली ती मुलं रात्री आपसांत कुठल्या भाषेत बोलत असतील? त्यांच्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या भाषेत सांगितली असती तर तुमच्या सातवीतली ती दोन मुलं उठली असती का?

बोरीकाठ (अमळनेर)

हा विचार मी केला नव्हता. गुरुजींवरच्या पिक्चरमध्ये अमळनेरची मुलं कोण, कुठल्या घरातली, हे मीही कधी विचारलं नाही. तरी गोष्ट आधी, या मतावर मी आहे.

केळीबाग (रावेर)

गोष्टी खंडीभर आहेत. चाळीसगावचे केकी मूस घ्या. मुंबईत जन्मलेला फोटोग्राफर, चाळीसगावच्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेतो आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढतो की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरं बर्फ वाटावं. १९८९ मध्ये वारले. कुणाची तरी रेल्वेने यायची वाट बघत होते, असं लोक सांगतात. यावर पिक्चर निघाला तर भाषा कुठली ठेवणार?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आप्पा, तो बंगला स्टेशनाजवळच आहे, मी लहानपणी दोनदा गेलोय. मूस ज्या भाषेत बोलत असतील ती ठेवा. पण त्यांना डबा आणून देणारा, दार वाजवणारा, अंगण झाडणारा कुणी असेलच ना, तो अहिराणीतच बोलेल. तेवढं जरी खरं ऐकू आलं तरी मी तिकीट काढेन.

तापीकाठ (भुसावळ)

हे पटतं. कुणी हट्टाने नव्हे, माणूस जसा बोलतो तसा बोलला पाहिजे. यंत्रमागभाऊ, ‘सुपरबॉईज’मधली भाषा तुम्हाला कशी वाटली? मालेगावच्या हिंदीची म्हणून एक चाल आहे, ती आली का?

यंत्रमाग (मालेगाव)

काही जागी आली, बऱ्याच जागी नाही. विनीत कुमार सिंगच्या तोंडी शब्द बसलेत, पिक्चरमध्ये तो लेखक आहे, शब्द तोलून बोलतो, त्यामुळे खपून जातं. बाकी पोरं कधी आमच्यासारखी बोलतात, कधी मुंबईची होतात. वडिलांनाही ते लागलं. मघाशी मी हे लिहिलं नाही, कारण पिक्चरची बाजू घेत होतो. गिरणाकाठदादा, एवढ्यापुरता माहितीपट पुढे आहे. तिथे कुणाला भाषा शिकवावी लागली नाही.

पांझरेकाठ (धुळे)

काल रात्री एक केलं. आजीला समोर बसवलं, मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला आणि म्हटलं, विहिरीला पाणी लागलं त्या दिवसाचं सांग. अकरा मिनिटं बोलली. मध्ये पंख्याचा आवाज आहे, एकदा दूधवाला हाक मारतो, तिने त्याला थांब म्हटलं आणि तिथूनच पुढे सुरू केलं. आता इथे टाकावं म्हणते. खाली मराठीत ओळी देऊ का? नाहीतर बाकीच्यांना कळणार नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

द्या. माझ्या वर्गात निम्मी मुलं तरी ओळी वाचूनच ऐकतील, त्यात वाईट काय?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

माझं उलट मत. देऊ नका. ‘दशावतार’ बघताना तुमची आजी वीस मिनिटं अडखळली आणि मग ऐकायला लागली. आम्हालाही ती वीस मिनिटं द्या.

पांझरेकाठ (धुळे)

आजीला विचारलं. ती म्हणते, दोन्ही टाक.